करवलीच्या हातातले पाणी

१८ मार्च, कुरुंदा

आज पुन्हा मुक्ताची गोधडी रस्त्याकडच्या तारेवर. मागच्या अंगणात हळद वाळत घातली आहे, हे मान्य. पण न्हाणीच्या भिंतीवर जागा होती. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मुद्दाम पुढे टाकली. "बघू दे गावाला. लाज वाटल्याबिगर मुतायचं सुटत न्हाई." शाळेची पोरे नाक धरून थांबत होती. मुक्ता दप्तर घेऊन दारात उभी. वय आठ. मी गोधडी काढून मागे नेली. शाळेत शिकवून परत आले तर पुन्हा तारेवर.

धाकट्या भाऊजींचे लग्न ठरले आहे. त्यांना बहीण नाही, म्हणून करवली पुतण्यांपैकीच: मुक्ता किंवा मोठ्या जाऊबाईंची पायल. आधल्या दिवशी नवरीला आणायला जायचे, रात्री तिच्या शेजारी झोपायचे. मुक्ता महिनाभर ह्याच विषयावर बोलते आहे. आत्याबाई : "मुतरी करवली कुठं पाहिली का कुनी?"

२१ मार्च

वसमत. मेडिकलवाला : "बाळ किती महिन्याचं, मॅडम?" "आठ वर्षांचं." दोन गिऱ्हाइके हसली. बाळांचे सर्वांत मोठे मापही मुक्ताला मांडीत काचेल. शेवटी मागच्या फळीवरून मोठ्या मुलांसाठीच्या, रात्री घालायच्या शोषक चड्ड्यांचे पाकीट निघाले.

संध्याकाळी प्रयोग केला. एकीवर पेलाभर पाणी ओतले. आतली पांढरी पूड पाणी पिऊन फुगते आणि त्याचा घट्ट गर होतो. दाबले तरी सुटत नाही. मुक्ताने तळवा ठेवून पाहिला. कोरडा! "आई, हा तर पाणीचोर!" नाव पडले. (यापुढे पा.चो.)

आत्याबाई दारातून पाहत होत्या. त्यांनाही सविस्तर सांगितले : काही मुलांची झोप फार गाढ असते, मूत्राशय भरल्याचा निरोप पोहोचूनही जाग येत नाही, बहुतेकांचे वयाबरोबर सुटते, लेकराचा दोष नाही. त्यांनी एकच विचारले : "म्हंजी जितकं पानी आत, तितकंच भाईर?" मी म्हणाले, "अगदी बरोबर!" इतका नेमका प्रश्न वर्गातही कोणी विचारत नाही. फार बरे वाटले.

२२ मार्च

गोधडी कोरडी. मु.ने स्वतः घडी घातली, त्यावर गाल ठेवून बसली.

पायल : "बाळाची चड्डी, बाळाची चड्डी!" मु. हसत राहिली. निदान आज तरी.

२६ मार्च

वापरलेल्या पा.चो.चे काय करायचे? कागदात गुंडाळून वसमतच्या घंटागाडीत टाकते, पण तिकडे रोज जाणे होत नाही. उकिरड्यात पुरला तो कुत्र्याने उकरून ओट्यावर आणला. पायलने काठीवर धरून अंगणभर मिरवला. हळद शिजवणाऱ्या बायांपैकी एक : "कोन्या बाळाचं व्हय गं हे?" पायलने नाव सांगितले. बाया पोट धरून हसल्या. मु. शेळीमागे जाऊन बसली.

मी तो काढून घेतला आणि हळदीच्या भट्टीत टाकला. आत्याबाई धावत आल्या. "काहून जाळलं? असं जाळलं की लेकराच्या मुतात आग व्हते!" मी समजावले : धूर वाईट, हे खरे, परंतु त्याचा शरीराशी असा काहीही संबंध नसतो.

२ एप्रिल

मु.ला लघवीला जळजळ. न्हाणीत ओठ चावत बसते.

आत्याबाईंनी गल्लीभर सांगितले. आता रस्त्यात बाया विचारतात, "मॅडम, लेकराचं जाळलं म्हंतेत, खरं का?"

३ एप्रिल

डॉक्टरांनी मु.लाच विचारले, "पाणी किती पितेस?" ती माझ्याकडे बघेना.

बाहेर आल्यावर बोलली. तिची शाळा दुपारी सुटते, माझी संध्याकाळी. मधल्या वेळात घरी पाणी बंद. माठावर झाकण, झाकणावर वरवंटा. जेवतानाही नाही. राखणीला पायल. तहान अनावर झाली की शेळीच्या बादलीतून ओंजळीने प्यायची. पायलने पाहिले, आजीला सांगितले, मार बसला.

कधीपासून? पाणीचोर आणला तेव्हापासून.

दिवसा भरपूर प्यायचे, फक्त झोपण्यापूर्वी बेताने, हे त्या दिवशी मी...

४ एप्रिल

पाटीवर आकृती काढून पुन्हा सांगितले. मूत्रपिंड, मूत्राशय, कमी पाण्याने होणारा जंतुसंसर्ग. आत्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकले. "तुमी जाळलं, तवा जळजळ झाली. म्या पानी तोडलं, तवा गोधडी वाळली. दोनी डोळ्यांनी पाहिलं. तुमचे जंतू दाखवा."

दाखवता येत नाहीत.

हे हिंगोलीच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, कामाला. फोनवर म्हणाले, "लग्न होऊ दे. मग बोलू आईला." वरवंटा मी कपाटात ठेवला. माठावर आता पाटा आहे. मु. आता तिची शाळा सुटली की माझ्या वर्गात येऊन बसते.

१२ एप्रिल

भाऊजींनी हट्टच धरला. मुक्ताच करवली. आत्याबाई : "व्हऊ दे. पर तिथं पान्याचा थेंब न्हाई. नवरीची गादी भिजली तर माझं नाक जाईल."

मु. लगेच म्हणाली, "न्हाई पीत, आजी."

तिला बाजूला घेतले. औषध चालू आहे, पाणी हवेच. "पा.चो. घातल्यावर गादी भिजत नाही. तूच पाहिलेस ना?"

"व्हय."

"मग पिशील?"

"पिईन." जरा थांबून : "आई, तू तिथं फोन करून कोनाला समजावून सांगू नको."

१५ एप्रिल

दुपारी जीप गेली. घरी हळदीची तयारी, त्यामुळे सुनांनी मागे राहायचे. मु. पिवळ्या परकरात. करवली म्हणून मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या, वर नारळ. शेजारी आत्याबाई. "सांडू नको गं, अपशकुन व्हतो." मु.ने दोन्ही हातांनी धरला होता. ऊन भयंकर. ओठ सुकलेले दिसत होते. वळणापर्यंत थेंब सांडला नाही.

तिच्या पिशवीत मी पा.चो. ठेवले होते, औषध, आणि पाण्याची बाटली.

आत्ता झाडताना दाराआड बाटली सापडली. भरलेली. झाकण घट्ट लावून, नीट उभी करून ठेवलेली, मु. ठेवते तशी.

आत्याबाईंचा नंबर समोर काढून ठेवला आहे.