‘हां’ म्हणणारा

प्रिय उमाकांत,

तुझा पत्ता सुरतच्या तुझ्या चुलतभावाकडून मिळवला. आधी त्याने खूप आढेवेढे घेतले, मग दिला. त्याच्यावर चिडू नकोस. चिडायचंच असेल तर माझ्यावर चीड, तुला सवय आहे.

आपला ‘राखेचा मोर’ पुन्हा मोठ्या पडद्यावर येतोय. पुण्यातली एक संस्था जुनी रिळं साफ करते आहे. फोनवरच्या मुलीने त्याला ‘अभिजात चित्रपट’ म्हटलं, तेव्हा मला हसू आलं. अभिजात म्हणे! प्रकाशा गावात आमच्या बापूंच्या कापसाच्या गोडाऊनमध्ये काचेखाली ट्यूबलाइट लावून आपण अ‍ॅनिमेशनची चित्रं काढायचो. लाइट गेली की हातपंखे हलवत बसायचो. वैशाखात घामाने कागद हाताला चिकटायचा, मोराचं पीस पुसलं जायचं, आणि तू ते चित्र पुन्हा काढायला लावायचास. बापू दारातून विचारायचे, हा मोर उडणार कधी? इतकी भांडले मी तुझ्याशी, तरी तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

गोष्ट सांगायला फुलीबाईंना आणलं, ते तू विसरला नसशीलच. खापर गावाच्या वरच्या पाड्यावरून त्यांचा मुलगा वीरसिंग त्यांना घेऊन आला. स्टुडिओत त्यांना काचेच्या खोलीत एकटं बसवलं, कानाला हेडफोन लावले, आणि बाई अडून बसल्या. भिंतीला काय गोष्ट सांगू, म्हणाल्या. ऐकणारा ‘हां’ म्हणत नसेल तर गोष्ट पुढे जातच नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. मग तू आत जाऊन त्यांच्यासमोर मांडी घातलीस, तुझ्यासाठी वेगळा माइक आणि वेगळी टेप लावली. त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे तुझा ‘हां’. कधी कौतुकाचा, कधी धास्तीचा, मोर वणव्यात शिरतो तिथे तर निव्वळ श्वास. मी चित्रं बेतली ती या दोन आवाजांवर. बाई बोलल्या की मोर चालणार, तू ‘हां’ म्हटलंस की तो थबकून मागे बघणार.

आणि वितरकाच्या ध्वनीवाल्याने तुझा आवाजच पुसून टाकला. मधे मधे कुणीतरी बडबडतंय, असं वाटलं त्याला. त्याला तरी काय बोल लावायचा? हुंकार राहू द्या, असं आपण त्याला सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे ‘हां’शिवाय गोष्टच होत नाही. हेही कुणाला सांगावं लागेल, असं आपल्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. प्रिंट थेट शहाद्याच्या थिएटरात आली आणि आपणही ती लोकांबरोबरच पाहिली. मोर थबकला आणि पडद्यावर नुसती शांतता. शिट्ट्या सुरू झाल्या. ऑपरेटर भटूने केबिनमधून डोकं बाहेर काढून लोकांना समजावलं, “पिच्चर बंद नही पडेल, भो. आवाजच नही शे.” सगळा हॉल हसला. तू उठलास आणि मध्यंतराआधीच निघून गेलास. मला वाटलं, राग गेला की उद्या येईल.

तू आला नाहीस, म्हणून पुढचं तुला ठाऊकच नाही. त्या हिवाळ्यात वीरसिंगने हट्ट धरला, आईचा सिनेमा पाड्यावर दाखवा. दोन बांबूंना चादर बांधली. मी तर मान खाली घालूनच बसले होते. मोर थबकला, आणि अंधारातून सगळा पाडा एका आवाजात म्हणाला, “हां.” पुढच्या थांब्याला पुन्हा. शेवटपर्यंत. उमाकांत, मी तिथेच रडले. मग आश्रमशाळांनी नेला, बाजाराच्या गावांनी नेला. आता पोरं मोबाइलवर बघतात आणि जेवता जेवता ‘हां’ म्हणतात. जो सिनेमा मेला समजून तू पेन्सिल ठेवलीस, तो इथे घरोघर जगतोय. हे तुझ्या डोळ्यांनी तू बघायला हवं होतंस. मी फोन केले, तू नंबर बदललास. मग मलाही राग आला, आणि आपल्या दोघांच्या रागात उमेदीची वर्षं गेली. याचं मला फार, फार वाईट वाटतं.

आता लिहिते आहे ते यासाठी. संस्थेला फुलीबाईंच्या आवाजाची मूळ टेप सापडली, तुझी कुठेच नाही. त्या थांब्यांत संगीत भरू म्हणाले, मी नाही म्हटलं. वीरसिंग म्हणाला, मी म्हणतो ‘हां’. बसवलं त्याला. दुसऱ्याच वाक्याला त्याने हेडफोन काढून ठेवले. आईचा आवाज त्याला ऐकवेना. फुलीबाई आखाजीच्या सणाआधी गेल्या, उमाकांत. शेवटपर्यंत मला विचारायच्या, तो ऐकणारा कुठे असतो? तू ये. समोर बाई नसतील, फक्त त्यांचा आवाज असेल. त्या एक वाक्य बोलतील आणि तुझ्यासाठी थांबतील. तुला ते झेपेल की नाही, मला माहीत नाही. मी काचेच्या बाहेर बसेन. तू आला नाहीस तर त्या जागा तशाच रिकाम्या ठेवा, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

भांडले तरी तुझीच,
दामिनी