काटा मी लपवलाय

सूनबाई,

चिमणीला शाळेत सोडायला आज मीच जातेय. तिची वेणी घातलीय, वाकडी का होईना. शेजारीण सोबत आहे, काळजी नको. तू ऑफिसच्या आधी सरळ जिमला जा. बूट दाराशी काढून ठेवलेत.

वजनाचा काटा मी लपवलाय, शोधू नकोस. महिनाभर घाम गाळूनही तो हलेना, म्हणून काल "सोडते आता" म्हणत रडलीस. त्या मेल्याला काय कळतंय? परवा न्हाणीघरात मी घसरून पडले, तेव्हा तू एकटीने मला उचलून अलगद पलंगावर ठेवलंस. (हे माझ्या लेकाला सांगू नकोस, मला घराबाहेर पडू देणार नाही.) मी काही फुलासारखी हलकी नाही गं. तुझ्या सासऱ्यांना हे उभ्या जन्मात जमलं नाही!

— आई