अर्धा पंखा पाण्याबाहेर

नांदेड,
गुरुवार

तीर्थस्वरूप उमाआक्कांस,

शिवगंगाचा शरणार्थी नमस्कार. गुडघ्यांचं कसं आहे? (मागच्या फोनवर म्हणालात, दुखणं गुडघ्यातून कमरेत गेलं. निदान काहीतरी हललं तरी.) इकडे सर्व ठीक. तुमचे बंधुराज खाऊन-पिऊन खुशाल आहेत. पत्रच का लिहिते आहे म्हणाल, तर फोनवर तुम्ही बोलता, मी ऐकते आणि माझं सांगायचं राहून जातं.

तर नावेची हकीकत. बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेली माणसं कुंड्यांना पाणी घालतात, फार तर कॉलनीच्या अध्यक्षाशी भांडतात. ह्यांनी नाव घेतली. विष्णुपुरीच्या जलाशयात पर्यटकांना फिरवायला, छोटी, इंजिनाची, भन्नाट पळणारी. त्यातही साधी नको. हिचा पंखा धावताना अर्धा पाण्यात आणि अर्धा पाण्याबाहेर असतो. असं का, ते मीच ह्यांना समजावलं, कारण यंत्राबरोबर आलेलं पुस्तक ह्यांनी मुखपृष्ठापर्यंतच वाचलं होतं (आणि मी अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवून निगरगट्ट झालेली आहे). नावेने वेग धरला की ती पाण्यावर उचलली जाते. मग पंख्याचा दांडा, त्याचा आधार वगैरे लटांबर पाण्यातून ओढत न्यावं लागत नाही. वरची पाती हवेतून मोकळी फिरून येतात, खालची पाण्याला लाथ घालतात, आणि मागे कोंबड्याच्या शेपटीसारखा पाण्याचा तुरा उडतो. ह्यांच्या कानात एवढंच शिरलं की अर्धा पंखा बाहेर. घाटावर भेटेल त्याला सांगत सुटले, 'हिला अर्धंच पाणी लागतं!' मराठवाड्यात ह्याहून मोठी जाहिरात नाही. एका गृहस्थाने विचारलं, 'मग लातूरलाबी चालंल की हो?' माफ करा आक्का, पण मी हसले.

तुमच्या देवघरासमोर ह्यांनी घेतलेली शपथ तुम्ही विसरला नसालच. चाचणीच्या दिवशी नाव धावली नाही, तर नाव विकून लातूरला येईन आणि तुमच्या दाळमिलच्या गादीवर बसेन. तुम्ही तर लगोलग आम्हा दोघांसाठी वरची खोली झाडून घेतलीत. तुमची माया! (त्या खोलीत मी लग्नानंतरचा एक उन्हाळा काढला आहे. एका बाजूने मिलचा आवाज येतो, दुसऱ्या बाजूने तुमचा.)

चाचणी गेल्या आठवड्यात झाली. परवानगी देणारे साहेब स्वतः येणार होते, म्हणून आदल्या दिवशी ह्यांनी नटबोल्ट आवळायला मुदखेडहून दगडोबाला बोलावलं. दगडोबा बोअरच्या मोटारी काढतो आणि सोडतो. हात सोन्याचे, पण आयुष्यभर त्याने एकच धर्म पाळला: पाणी खाली गेलं की मोटार आणखी खाली सोडायची, कारण मोटारीने हवा धरली की ती जळाली. अशा माणसाला तुम्ही अर्धा उघडा पंखा दाखवलात तर त्याचा जीव तुटणारच. आम्ही चहाला गेलो तेवढ्यात त्याने दांडा खाली झुकवून पंखा पार खोल नेऊन बसवला. आम्हाला पत्ता नाही.

सकाळी साहेब आले. ह्यांनी गॉगल लावला. इंजिन गरजलं, काळा धूर निघाला, आणि नाव चरून परतणाऱ्या म्हशीच्या चालीने निघाली. पंखा इतक्या खोल पाणी घुसळायला लागल्यावर बिचारं इंजिन वेग धरणार कुठून? काठाने पंचफुलाबाई डोक्यावर धुण्याची पाटी घेऊन चालली होती, ती नावेच्या पुढे गेली आणि वळून म्हणाली, 'दादा, ढकलू का जरा?' ह्यांनी घाबरून मागे घ्यायला बघितलं, तर असल्या पंख्याला उलटं जायचं मुळातच वावडं. इंजिन बंद पडलं. शेवटी भोयांनी दोर टाकून ओढून आणलं. साहेब म्हणाले, 'पुढच्या आठवड्यात आणखी एकदा बघू. पण पोहत आलात तर लवकर पोचाल.'

काठावर मग ह्यांचा आणि दगडोबाचा खरा तमाशा झाला.

'अरे, पंखा खाली घ्यायला तुला सांगितलं कुणी?'

'सांगायला कशाला लागतंय साहेब? हवा धरून राहिला होता. अर्धा पंखा उघडा!'

'तो उघडाच असतो!'

'असंल. पण आपल्याकडं न्हाई.'

तेव्हापासून ह्यांनी एकच धरलं आहे. दोष दगडोबाचा असला तरी शब्द तो शब्द, असं म्हणतात. खरं आहे. आक्का, भाऊ तुमचा, शपथ तुमच्यासमोरची. मी आड येणार नाही. ह्यांना खुशाल गादीवर बसवा. त्या नावेचं नाव काढलं तरी माझ्या कपाळावर आठी पडते. दाजींना नमस्कार.

तुमची,
शिवगंगा

ता. क. नाव अजून विकली गेलेली नाही. गिऱ्हाइकं आली होती. मी त्यांना यंत्राची खरीखुरी माहिती सविस्तर दिली. पुन्हा आली नाहीत.

आणखी ता. क. साहेबांनी कबूल केलेली दुसरी चाचणी काल झाली. ह्यांनी शपथेपायी नावेला हात लावायचं नाकारलं, मग कुणीतरी बसायला हवंच होतं. पंखा मी समोर उभी राहून वर घ्यायला लावला (दगडोबा पाना फिरवताना तोंड दुसरीकडे करून बसला होता; त्याला बघवेना). आणि आक्का, काय पळाली! वळण घेताना तुरा असा उडाला की काठावरचे साहेब कागदांसकट भिजले, तरी मान डोलावत होते. परवाना माझ्या नावाने निघतो आहे.

शेवटचं. वरच्या खोलीत खाट एकच टाका. शपथ ह्यांनी घेतली होती, मी नाही. सोमवारच्या एसटीने पाठवते आहे. मीठ कमी द्या, आणि मिलमध्ये कुठल्याही यंत्राजवळ उभं करू नका. स्टँडवर बसवून द्यायला दगडोबा जाईल. सकाळी माझ्या फेऱ्या असतात.