वैद्यबाई, तुम्ही बसा

रविवार, ३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार तुम्हाला, आणि तुमच्या गुडघ्याला वेगळा. तो काय म्हणतोय ते आधी कळवा, बाकीचं मागाहून. आम्ही मजेत आहोत. बैठकीच्या खोलीला रंग दिला. रंग तुमच्या भावाने निवडला, त्यामुळे खोलीत शिरलं की आता कोणीतरी इंजेक्शन घेऊन येईल असं वाटतं. तुम्ही आलात की आधी त्याचा कान धरा, मग चहा घ्या.

फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. फोनवर तुमच्याशी बोलायला लागलं की तो शेजारी येऊन बसतो आणि तुमच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मागून स्वतःच देतो. म्हटलं, एकदा निवांत लिहावं.

आमचा शनिवार दुपारचा खेळ चालू आहे. पन्नाशीची माणसं फासे टाकून राक्षस मारतात म्हणून तुम्ही हसता, खुशाल हसा. पण मागच्या वेळी तुम्ही अर्ध्यातच जांभई दिलीत, म्हणून पुन्हा सांगते. शाळेत विज्ञान शिकवणारा आमचा मित्र गोष्ट रचतो आणि टेबलावर नकाशा मांडतो. त्याला आम्ही विधाता म्हणतो. त्या गोष्टीतलं एकेक पात्र आम्ही घ्यायचं, आपण काय करतो ते बोलून सांगायचं, जमलं की नाही ते फासा ठरवतो. बेकरीवाली मैत्रीण तिरंदाज आहे. तुमचा भाऊ जादूगार. मी वैद्य, सगळ्यांच्या जखमा बांधत फिरते. चौथा वॉकीवाला. कामावर तो तुमच्या भावाच्या क्रेनखाली उभा राहून वॉकीटॉकीवर दिवसभर त्याच्या कानात बोलतो, आणि तेवढ्याने पोट भरत नाही म्हणून शनिवारी पुन्हा समोर येऊन बसतो. त्याचा आधी एक भालाईत होता. गेल्या वर्षी तो आम्हा सगळ्यांना वाचवताना पुलावर मेला. आम्ही खरोखरीचे रडलो होतो, हे तुम्ही कोणाला सांगू नका. आता वॉकीवाला चोर झालाय.

तर काल काय झालं, गोष्टीत आम्ही नदीकाठी मुक्काम टाकला होता. तुमच्या भावाने नकाशावरून नजर फिरवली, प्यादी हाताने इकडेतिकडे केली आणि विचारलं, "आपला भालाईत कुठे राहिला?"

मग बेकरीवालीने टाळी वाजवली. वॉकीवाल्याचे डोळे भरून आले. विधाता म्हणाला, "वा! मित्राच्या दुःखाने जादूगाराची मती गेली!" आणि जादूगाराला विस्मरणाचा शाप लागल्याचं त्याने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. आता जादूगार जितकं विसरेल तितके त्याला जास्त गुण. सगळे म्हणाले, इतका कसलेला नट इतकी वर्षं क्रेनवर का बसलाय. तुमचा भाऊ नुसता हसला.

तसं हसणं मी चष्म्याच्या दुकानात रोज बघते. तक्त्यावरची खालची ओळ ज्यांना दिसत नाही, ती माणसं अशी हसतात.

असो. मी आपली कुठलं कुठे नेते. एक सहज विचारायचं होतं. बाबांचं पहिल्यांदा तुमच्या लक्षात कसं आलं? उगीच आठवलं, इतकंच.

तुमची भावजय


रविवार, १७ मार्च

प्रिय ताई,

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याला शेक देताय ते चांगलं, पण जिना चढणं थांबवलेलं नाही हे तुम्ही लिहिलं नसलंत तरी मला कळतं.

बाबा किल्ल्या-चष्मा कधी हरवायचे नाहीत, पण पोस्टमनला धाकटा भाऊ समजून जेवायला बसवायचे, हे तुम्ही लिहिलंय ते वाचलं आणि तशीच दुकानात गेले. दिवसभर चुकीच्या काचा काढत होते. एका आजोबांना मी त्यांच्या बायकोचा चष्मा घातला. ते म्हणाले, "बरं दिसतंय की!" सगळे हसले, मीही हसले.

"का विचारतेस?" असं तुम्ही शेवटी लिहिलंय. उत्तर ओठावर येतं आणि मी गिळते. आज लिहूनच टाकते.

मंगळवारी सकाळी मी भांडी घासत होते. तो मागून आला आणि म्हणाला, "वैद्यबाई, तुम्ही कशाला त्रास घेता?"

खेळात जादूगार मला असंच बोलतो, वैद्यबाई आणि तुम्ही. घरात लग्नापासून 'अगं' आणि 'तू', रागात असला तर त्याहून खालचं. मला वाटलं, स्वारी खुशीत आहे. मीही ओल्या हाताने मुजरा केला आणि म्हटलं, "जादूगार महाराज, सेवा हेच आमचं काम!"

"तुम्ही बसा ना," तो म्हणाला आणि त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. ताई, ह्या माणसाने उभ्या जन्मात माझ्यासाठी खुर्ची ओढलेली नाही. "बसा. माझी बायको येईलच इतक्यात."

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी खेळतच होते. नाटकी आवाजात विचारलं, "कुठे गेल्यात बाईसाहेब?"

"दुकानात असेल. तिला उशीर होतो." मग जरा पुढे वाकून, एखाद्या पाहुणीला सांगावं तसं म्हणाला, "मनाने चांगली आहे हो. जरा तापट आहे, एवढंच."

मी बसले. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच खुर्चीवर, माझीच वाट बघत. तो इतका सभ्यपणे हसत होता, ताई. त्याच्या डोळ्यांत मी कुठेच नव्हते.

तेवढ्यात दूध उतू गेलं. तो ओरडला, "अगं, लक्ष कुठंय तुझं?" आणि फडकं घेऊन धावला. मग नेहमीसारखं, दूध वाया जाण्यावर भाषण. आधीचं त्याला काही आठवत नव्हतं. मी ते भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एका शब्दाने उलट बोलले नाही, म्हणून उलट तोच घाबरला.

मी घाबरले आहे. रात्रंदिवस घाबरलेली आहे. तो रोज सकाळी डबा घेऊन त्या लोखंडी शिडीने वर चढतो. वर काचेची केबिन, खाली सळ्यांचा भारा लटकलेला, आणि त्या भाऱ्याखाली वॉकीवाला, सुतार, गवंडी. जीव टांगणीला लागणं म्हणतात ते मी आता रोज बघते. दुकानात फोन वाजला की गिऱ्हाईक तसंच सोडून मी धावते.

मग सांगत का नाही, असं तुम्ही म्हणाल. कामावर कळलं तर त्याच दिवशी खाली उतरवतील. वर बसून पक्ष्यांना शिव्या देण्यात त्याला जे सुख आहे ते खाली कुठेच नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि समजा, मीच मूर्ख असले तर? समजा, तो खरंच गंमत करत असला तर? रोज सकाळी मी हेच स्वतःला पटवते आणि त्याचा डबा भरते.

'मी येऊ का?' असं विचारलंत. नको. तुम्ही बाबांचं केलंत तेवढं पुरे झालं. शिवाय काही नसेलही.

तुमची भावजय


रविवार, २४ मार्च

ताई,

तो आत झोपलाय. उठायच्या आत लिहून होऊ दे.

काल खेळ सुरू व्हायच्या आधी बेकरीवालीने बिस्किटं मांडली आणि वॉकीवाला म्हणाला, "परवा काय धमाल झाली ऐका! भारा हवेत लटकतोय. मी खालून सांगतोय, थांब. तर हा वरून विचारतो, 'भालाईता, पूल ओलांडू का?' मला असं हसू फुटलं! मी म्हटलं, 'ओलांडा, महाराज!' तर ह्याने खरंच क्रेन फिरवली की! भारा सुतारांच्या डोक्यावरून गेला. मी बोंबललो तेव्हा कुठे थांबला."

बेकरीवाली खो खो हसली. विधाता म्हणाला, "शापाने कामावरही गाठलं म्हणायचं!"

मी तुमच्या भावाकडे पाहिलं. तो हसत होता. खालची ओळ न दिसणारं हसू.

आमच्या टेबलावर एक पद्धत आहे. खेळ चालू असताना पात्र सोडून खरं काही बोलायचं असेल, पाणी हवंय, घरी जायचंय, तर डोक्यावर हात ठेवून बोलायचं. हात नसेल तर ते पात्राचं बोलणं. मी डोक्यावर हात ठेवला.

"तो खेळत नाहीये," मी म्हटलं. "त्या दिवशी भालाईत विचारला तेव्हाही खेळत नव्हता. त्याला खरंच आठवत नाही. त्याला वर चढू देऊ नका."

"अगंबाई, आता वैद्यबाईंनाही शाप?" बेकरीवाली म्हणाली. मग तिने माझा हात पाहिला आणि हातातलं बिस्किट खाली ठेवलं. वॉकीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला बहुधा सुतार आठवले असतील.

तुमचा भाऊ ताडकन उठला. "माझी क्रेन काढून घेतेस? चारचौघांत? तुला लाज नाही वाटत?"

खरं सांगू? त्याने 'तुला' म्हटलं, तेवढ्यानेही मला बरं वाटलं. मी हात खाली घेतला नाही. दंड भरून आला तरी घेतला नाही. शेवटी तोच खाली बसला. मग त्याचा हात हळूहळू वर गेला आणि त्याने तो स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "बाबांना बघितलंय मी. पण इथे चालून जात होतं. विसरलो तर टाळ्या मिळायच्या."

विधाता उठून गॅलरीत गेला. मग परत आला. "आणि मी गुण देत होतो," एवढंच म्हणाला. वॉकीवाल्याने खुर्ची ओढून तुमच्या भावाला चिकटून घेतली. उद्या दोघं मिळून ऑफिसात जाणार आहेत. "तू बोल," वॉकीवाला म्हणाला, "तुला नाही जमलं तर मी बोलेन. पण शिडीला हात लावायचा नाही." गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय.

घरी येताना रस्त्यात त्याने मला शपथ घातली. ताईला कळवू नकोस म्हणाला. तिने बाबांचं एकटीने काढलं, तिला पुन्हा हे बघायला लावू नकोस. मी 'बरं' म्हटलं आणि आज हे लिहायला बसले. माझी चूक असेल तर आल्यावर भांडा. पण या. 'नको' लिहिलं होतं ते खोटं होतं.

डॉक्टर काय सांगतील ते मला माहीत आहे. औषधं, हिंडणं-फिरणं, ते सगळं मी करीन. तो भांडी फोडेल, शिव्या देईल, दार उघडं टाकून निघून जाईल, त्यालाही मी पुरून उरेन, तापट आहे ना मी. पण एके दिवशी तो उठेल, मला बघेल, आणि खुर्ची ओढून देईल. म्हणेल, तुम्ही बसा. दिवसभर माझ्याशी अदबीने वागेल आणि दाराकडे बघत बायकोची वाट पाहील. ती तिथेच बसलेली असेल आणि मला ते त्याला सांगता येणार नाही. ह्याची मला इतकी भीती वाटते ताई, की झोपेतसुद्धा मी त्याची बाही धरून ठेवते.

बाबा शेवटी तुम्हाला कोण समजत होते, हे तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाहीत. मीही कधी विचारलं नाही. आल्यावर ते मला सांगा. जसं होतं तसं सांगा, माझ्याकडे बघून मऊ करू नका. आणि तुम्ही काय उत्तर देत होतात, तेही शिकवा.

तो उठलाय. हाक मारतोय.

तुमच्या भावाची बायको