पतंग कुणी काटला, हे कॅमेरा सांगेल

२ जानेवारी, सकाळी
संकल्प. यंदा संक्रांतीला जयपूरच्या आमच्या बँक क्वार्टर्सच्या गच्चीवर पंच माणूस नसेल, कॅमेरा असेल.
गेल्या वर्षी तनयाने समोरच्या गल्लीतला पतंग काटला आणि शुभंकर म्हणाला, मी काटला. सगळ्यांनी त्याचंच ऐकलं. मी काही बोललो नाही, पुरावा नव्हता. शुभंकर आमच्या चीफ मॅनेजर आनंदराव साहेबांचा मुलगा, हा निव्वळ योगायोग. तेव्हापासून पोरीने मांज्याच्या चरखीला हात लावलेला नाही. आज तिला शब्द दिला. म्हणाली, पक्का ना, बाबा? पक्का.

५ जानेवारी
कॅमेरा आला. बँकेचा आयटी सेल सांभाळणाऱ्याला हे म्हणजे हातचा मळ. प्रोग्रॅम प्रत्येक पतंगाभोवती हिरवी चौकट काढतो. आज एका घारीभोवती काढली. घारही उडतेच.

७ जानेवारी
किरकोळ अडचण. सगळं आकाश दृश्यात घेतलं की सेकंदाला जेमतेम आठ फ्रेम्स. पतंग नेमका दोन फ्रेम्सच्या मधे कटतो. आधी असतो, मग नसतो.

८ जानेवारी
दृश्य लहान केलं. सेकंदाला शंभर फ्रेम्स! फक्त पतंग दृश्यात थांबत नाही. अर्धा तास अत्यंत सुस्पष्ट निळं आकाश मिळालं.

१० जानेवारी
तोडगा सापडला. तनयाने कॅमेऱ्याच्या दृश्यातच पतंग ठेवायचा. कठड्यावर खडूने खुणा करून दिल्या. म्हणाली, मतलब हवेलापण सांगणार का? मुलांना शिस्त म्हणून नाही.
अलका म्हणाली, अहो, तिला कॅमेरा कुठे हवाय, तुम्ही बोला म्हणजे झालं. अलकाचं बीए इतिहासात आहे.

१२ जानेवारी
सुवर्णमध्य काढला. दृश्य अर्धं, वेगही अर्धा. आता दोन्हीकडून हुकतं.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मशीन लावताय म्हणे? म्हटलं, अगदी निष्पक्ष, सर. बदल्यांच्या यादीचा विषय त्यांनी आपणहून काढला.

१४ जानेवारी, दुपारी २
जयपुरात आज घरात कुणी नाही, सगळे गच्चीवर. एका कोपऱ्यात आपल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू, चहूकडून 'वो काटा'. तनयाने वर्षभराने पतंग चढवला. तिचा हात स्थिर आहे. माझंच काही ठरेना. ऐनवेळी दृश्य परत मोठं केलं.

१४ जानेवारी, संध्याकाळी ७
साडेतीनला तिने लाल पतंग काटला. शुभंकर ओरडला, मी काटला! सगळे लॅपटॉपभोवती जमले. एका फ्रेममध्ये तीन पतंग, पुढच्या फ्रेममध्ये दोन. मांजा कुठेच दिसत नाही.
साहेब हसून म्हणाले, राहू द्या हो ते मशीन. तुम्ही इथेच उभे होतात, तुम्हाला काय दिसलं ते सांगा. तनया माझ्याकडे बघत होती.
पतंग कटला त्या वेळी मी स्क्रीनकडे बघतच नव्हतो. वर बघत होतो. तिने ढील दिली, मांज्याला मांजा घासला आणि लाल पतंग कलंडला. शुभंकरचा पतंग तिथून कितीतरी लांब होता. इतकं स्वच्छ मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.
मी म्हणालो, सर, डेटा अपुरा आहे.
साहेबांनी पाठ थोपटून माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. तनया चरखी तिथेच टाकून खाली गेली. मला तिच्या मागे जायची लाज वाटली. ट्रायपॉड आवरत बसलो.