टोपीखालचे सर

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्ष घातला तर सध्या माझी कंबर मला उठू देणार नाही, कारण खाली येईलच). तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी कळवलं की आता तुम्ही कठडा न धरता जिना चढता. ऐकून बरं वाटलं, तरी कठडा धरा. तो त्यासाठीच लावलेला असतो.

मी ठीक आहे आणि माझं काम तर फारच ठीक आहे. मागे तुम्ही विचारलं होतंत, की दिवसभर त्या काचेच्या पाटीवर पेन घासून मी नेमकं करते काय. मामा, मी माणसांचे चेहरे रंगवते आणि उत्तम रंगवते. याबद्दल आता मला स्वतःलाही शंका राहिलेली नाही. लोकांना वाटतं, एक फोटो द्यायचा, मी तो वरून गिरवायचा, झालं. तसं नसतं. एका फोटोतून नाकाची ठेवण घ्यायची, दुसऱ्यातून डोळ्यांतला उजेड, तिसऱ्यात हसताना गाल कुठे जातात ते बघायचं, आणि मग फोटो बाजूला सारून माणूस रंगवायचा. पण त्यासाठी आधी फोटो तरी हवेत ना. घोडं अडलं ते तिथेच.

आमच्या इथल्या तरणतलावावरचे पोहण्याचे सर निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी गुपचूप त्यांचं चित्र करून घ्यायचं ठरवलं आणि ते काम एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे आणलं. सोबत ढीगभर फोटो. त्यातल्या एकातही सर नव्हते. म्हणजे होते, पण निम्म्या फोटोंत कपाळापर्यंत ओढलेली रबरी टोपी आणि काळा चष्मा, उरलेल्यांत तोंडात शिट्टी आणि गाल फुगलेले. एका फोटोत नुसते तळपाय होते आणि खाली बाईंनी मोठ्या प्रेमाने ‘आमचे सर’ असं लिहिलं होतं. मी विचारलं, टोपीखाली केस आहेत का? त्यांनी सगळ्यांकडे चौकशी केली. कोणालाच माहीत नव्हतं. (ज्याने आपल्याला कधी बुडू दिलं नाही, त्याच्या डोक्याकडे एवढ्या माणसांतून एकानेही बघू नये, याला काय म्हणावं?)

तरी मी गप्प बसले नाही. शिट्टीचे गाल अंदाजाने आत घेतले, चष्म्याच्या जागी दुसऱ्याच कोणाच्या फोटोतले डोळे बसवले. चित्र सुबक झालं. डॉक्टरीणबाईंनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, हे कोण?

मामा, हा प्रश्न ऐकून घेणाऱ्यांतली मी नाही. दुसऱ्याच दिवशी मी तलावावर मोठ्यांच्या शिकाऊ वर्गात नाव घातलं. (हसू नका. मला पाण्याची भीती आहे हे मलाही ठाऊक आहे.) फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून चेहरा डोळ्यांनी टिपायचा आणि कपडे बदलायच्या खोलीत येऊन ओल्या हातांनी कागदावर उतरवायचा. सर म्हणत, पाण्यात तोंड घाला. मी त्यांच्या जबड्याचा कोन बघत असे. ते म्हणत, पाय मारा. मी ओठांच्या कडा मोजत असे. शेवटी जवळ येऊन ते शांतपणे म्हणाले, “ताई, माझ्याकडे बघून पोहता येत नाही. पाण्याकडे बघा.” यावरून वर्गातल्या बायकांना जे समजायचं ते समजलं. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तर मला बाजूला घेऊन, सरांना बायको आहे हो, असं हळूच कानावर घातलं.

मग एका सकाळी सरांनी चष्मा कपाळावर चढवला. डोळे दिसले! ते नीट दिसावेत म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं. तिथे तळ उतरता होता. आधी पाय गेला, पाठोपाठ मी. नाकातोंडात पाणी, वर कुठे आणि खाली कुठे कळेना, कंबर कशावर तरी सणकून आपटली. मग कोणीतरी काखेत हात घालून मला उचललं. काठावर खोकत डोळे उघडले तर समोर सर, आणि गडबडीत टोपी निघून गेलेली. (केस आहेत, मामा. पांढरे, दाट, झोपेतून उठलेल्या मुलासारखे उभे.) वाटलं, आता ओरडतील. पण मी श्वास घेते आहे की नाही, एवढंच ते बघत होते. मी घेतला, आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. भीती उतरून तिथे जे आलं, ते मला सांगता येत नाही. रंगवता येतं.

“आलात वर,” ते म्हणाले. “आता काही होत नाही.”

घरी येऊन सगळे फोटो समोर मांडले. टोपीच्या फोटोंतून कान घेतले, शिट्टीच्या फोटोंतून हनुवटी. डोळ्यांसाठी मात्र कुठेच बघावं लागलं नाही.

निरोपाच्या दिवशी चित्र कॅनव्हासवर छापून नेलं. कापड बाजूला झालं. डॉक्टरीणबाई डोळे पुसायला लागल्या. एक बसचालक पुढे येऊन म्हणाला, “मी बुडालो होतो तेव्हा वर आल्यावर हेच दिसलं होतं.” तिथे बऱ्याच जणांना तेच दिसलं होतं, फक्त त्या क्षणी फोटो काढायच्या अवस्थेत कोणी नव्हतं. सर चित्रापाशी उभे राहिले ते हलेचनात. मग बायकोला म्हणाले, “मी असा दिसतो?”

“घरी नाही दिसत,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनीही पदर डोळ्यांना लावला.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. : मी अजून पोहायला जाते. तरंगते छान; कुठे जायचं ते सध्या पाणी ठरवतं.

आणखी एक ता. क. : पुढचं काम एका निवृत्त न्यायाधीशांचं आहे. घरच्यांनी दिलेल्या सगळ्या फोटोंत ते नातवंडांबरोबर खिदळताहेत आणि कोर्टाला भिंतीवर करडा चेहरा हवा आहे. त्यांच्या भुवया हुबेहूब तुमच्यासारख्या. खिडकीच्या उजेडात, वैतागलेल्या अवस्थेत, जवळून बघायला हव्यात; आणि सांगून काही वैताग येत नाही. म्हणून दोन ओळींचं पत्र एवढं लांबवलं. मामी मघापासून फोटो काढायला समोर फोन धरून उभ्या आहेत. वर बघू नका. आत्ता कपाळाला जी आठी पडली आहे, ती तेवढी तशीच राहू द्या.