खुंटीवरची टोपी

मंगळवार, १४ ऑक्टोबर. फ्रिस्को.

जर्मनीतल्या कापड कंपनीसाठी लिहिलेला तिचा इतिहास आज वेळेत पाठवला. मूळची ती शेजारच्या मिरियमबाईंच्या वडिलांची पेढी. ज्यू म्हणून त्यांना दुकानातून ओढून नेलं, खुंटीवरची टोपीही घेऊ दिली नाही. ते परतलेच नाहीत. बाईंना एवढंच हवं होतं, वडिलांचं नाव छापून यावं. म्हणून त्यांनी दुकानाचा जुना फोटो दिला, खुंटीवर टोपी असलेला.

आताचे मालक फोनवर म्हणाले, "नाव नको. 'मालकी बदलली' एवढंच लिहा." मी लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही. कसा नाही अडखळला?

फोटो बघून मालक म्हणाले, "फोटो मस्त आहे. टोपी कव्हरवर घेऊ."

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "बाबांचं नाव कितव्या पानावर?"

मी म्हटलं, "त्यांची टोपी कव्हरवर आहे."